सर्वांत जुनी प्रत

६ जानेवारी

आलो एकदाचे. सामान चढवणाऱ्यांनी कपाट जिन्याच्या वळणावर असं अडकवलं की ते वर जाईना, खाली येईना. मुंगी इतकी हसली की शेवटी तेही हसत हसत पायरीवर बसले. ताई गेल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या आणि एक लांबट गॅलरी. ऊन भरपूर. समोर बसगाड्यांचं आगार आहे, दुपारी तिथे मोठ्या नळीनं गाड्या धुतात. आपल्याला फुकटात कारंजं मिळालं, असं मुंगीनं जाहीर केलं.

घरमालकीण काकू खालीच राहतात. त्यांनी तिला विचारलं, मुंगी हे काय गं नाव? ती म्हणाली, मी भिंतीच्या कडेकडेनं चालते ना, म्हणून आईनं ठेवलंय. आणि ही मावशी. आई नाहीये आता. काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला. नुसतं म्हणाल्या, गच्चीची किल्ली माझ्याकडे असते, कपडे वाळत घालायला केव्हाही माग. बाई बऱ्या वाटल्या.

रोज चार ओळी लिहायच्या असं ठरवलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुम्ही बोलत नाही, निदान लिहा तरी.

९ जानेवारी

काम सुरू झालं. कारखाना चालत जाण्याइतका जवळ आहे. शाळेचे गणवेश शिवतात. माझं काम पॅटर्नचं, म्हणजे सदऱ्याची पाठ, पुढचा भाग, बाही, कॉलर यांचे नमुने एका मापात आखायचे आणि मग लहानमोठ्या मापांत वाढवायचे. पूर्वी हे खाकी कागदावर करायचो, आता कॉम्प्युटरवर. सकाळी कारखान्यात, दुपारनंतर घरून. मुंगी शाळेतून येते तेव्हा मी घरी असते, हे फार बरं झालं.

ही नोकरी खरं तर ताईला आली होती. मुलाखत तिनं दिली, पगार तिनं ठरवला. मग तो ताप आला आणि दवाखान्यातून ती परत आलीच नाही. कारखान्याच्या मालकीणबाईंना मी कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, तुम्हीही हेच काम करता ना? तुम्ही या. ताई आणि मी एकाच बाईंकडे शिकलो. हात मात्र ताईचा चांगला.

कटिंग मास्टर तिरकस आहेत. माझी कॉलर पाहून म्हणाले, बाई, ही पोरं शाळेत जाणार आहेत की फोटो काढायला? सगळं टेबल हसलं. कॉलर मात्र तीच ठेवली.

१२ जानेवारी

नवा कॉम्प्युटर घेतला. कारखान्याचा प्रोग्रॅम ताईच्या जुन्यावर चालेना. जुना दुकानदारानं बदल्यात घेतला. त्याच्या कडेला मुंगीनं चिकटवलेली फुलं तशीच होती.

ताईची बॅकअपची डिस्क मात्र ठेवली आहे. काळा, वहीएवढा डबा. तिनं त्याला फ्लॅनेलचा अभ्रा शिवला होता. मुंगी चालायला लागली तेव्हापासून ताईचा कॉम्प्युटर अधूनमधून त्यावर स्वतःची एक प्रत ठेवत आलाय. फोटो, पॅटर्न, मुंगीचे आवाज, सगळं, त्या त्या दिवशी जसं होतं तसं.

ती डिस्क नव्याला जोडली तर त्यानं विचारलं, या डिस्कवर दुसऱ्या कॉम्प्युटरचा इतिहास आहे, तो माझा म्हणून पुढे चालवू की नव्यानं सुरुवात करू? मी दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, चालू द्या की तोच, हा त्या जुन्याच्या जागी बसेल आणि पुढे लिहीत राहील. डिस्क भरत आली की सर्वांत जुनी प्रत आपोआप निघते, तुम्हाला काही बघायला नको. नवी डिस्क घेतलीत तर उत्तमच, पण घाई नाही.

नव्यानं सुरुवात करू या शब्दांवर बोट ठेववेना. मी होकार दिला. ताईचं काही तुटलं नाही, याचं समाधान वाटलं.

१९ जानेवारी

गणवेशाच्या फाइली भल्यामोठ्या असतात. आज कॉम्प्युटरनं कळवलं, जागा करण्यासाठी सर्वांत जुनी प्रत काढली. खाली त्या प्रतीची तारीख. मुंगी पहिल्यांदा चालली तो आठवडा असावा. जरा वाईट वाटलं. पण ते फोटो पुढच्या प्रतींतही असणारच, म्हणून कामाला लागले.

संध्याकाळी आईचा फोन आला. आई भावाकडे असते. मुंगी पहिलं पाऊल टाकते आणि ताई कात्री हातातून टाकून धावते, ही गोष्ट तिनं शंभरदा सांगितली असेल. आज पुन्हा सांगितली. पण आज कात्री माझ्या हातातून पडली होती. मी म्हटलं, आई, मी नव्हते गं तिथे. आई म्हणाली, असं कसं, तुझ्याच तर पायावर पडणार होती, अंगठा वाचला थोडक्यात.

वय झालंय तिचं. मीही फार ताणलं नाही.

२४ जानेवारी

कारखान्यात माझे पॅटर्न आवडले. मास्टर म्हणाले, आता मालकीणबाई तुम्हाला डोक्यावर बसवणार, तिथून पडू नका म्हणजे झालं.

आज दोन प्रती निघाल्या.

मुंगीच्या पलंगाच्या वर भिंतीला एक फोटो लावलाय. ताई जुन्या घराच्या गॅलरीत उभी, कडेवर मुंगी, मुंगीच्या तोंडात ताईच्या ओढणीचं टोक. आज धूळ पुसायला काढला. ओढणी तीच. मुंगी तीच. कडेवर घेणारी मी आहे.

मी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. मी तशी हसत नाही. पण चेहरा माझा. आम्ही दोघी दिसायला सारख्या, लहानपणी लोक गल्लत करायचे. मी स्वतःला तेच सांगितलं आणि फोटो परत लावला.

२८ जानेवारी

हे लिहायलाच हवं.

बाईंनी शाळेच्या अगदी पहिल्या दिवसाबद्दल पाच ओळी लिहायला सांगितल्या होत्या. मुंगी पेन्सिल चावत बसली होती. मला म्हणाली, पहिल्या दिवशी मी रडले होते का गं? आणि फाटकापर्यंत तूच आली होतीस ना? फाटकापर्यंत ताई गेली होती. मी तेव्हा दुसऱ्या गावी होते, ताईनं फोनवर सांगितलं होतं की रडली पोर नाही, मीच रडले.

मी मुंगीला हो म्हटलं.

का म्हटलं? ती वाट बघत होती, एवढंच. हो म्हटल्यावर तिनं भराभर पाच ओळी लिहून टाकल्या. दुपारी निघालेल्या प्रतीची तारीख मी त्यानंतर पाहिली. शाळा सुरू झाली तोच आठवडा.

३० जानेवारी

आता मला कळलंय. कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील, म्हणून इथेच लिहिते. जी प्रत निघते, तेवढी ताई निघते. फोटोतून, आईच्या बोलण्यातून, मुंगीच्या डोक्यातून. आणि जागा मोकळी राहत नाही. तिथे मी बसते.

शिकताना आमच्या बाईंचा एक नियम होता. मूळ पॅटर्नवर कात्री चालवायची नाही. तो खुंटीला टांगायचा. त्यावर पातळ कागद ठेवून छापून घ्यायचा आणि मग त्या कागदाची काय वाट्टेल ती चिरफाड करायची. ताईनं एकदाही तो मोडला नाही. मी ताईचा सगळा इतिहास घेतला आणि न छापता, न टांगता, त्याच्यावरच माझं रोजचं काम कापायला बसले.

दुसरी डिस्क घेतली की झालं. उद्या घेते.

२ फेब्रुवारी

काल दुकानावरून गेले. दार उघडं होतं. दुकानदारानं हातही केला. मी सरळ पुढे गेले आणि मुंगीसाठी रंगीत खडू घेऊन आले.

कारण काल सकाळी वेणी घालताना ती म्हणाली, आई, घट्ट नको. मग जीभ चावली नाही, वर पाहिलं नाही, काहीच नाही. जणू रोजचंच.

मला मूल झालं नाही. त्याबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही, ताईशीही नाही. ताईला ते कळायचं. ती मुंगीला माझ्या मांडीवर ठेवायची आणि स्वतः उगाच आत जाऊन भांडी वाजवत बसायची.

मी वेणी सैल केली. दिवसभर तो शब्द कानात होता. मला आनंद झाला. तो झाला हे लिहून ठेवते.

५ फेब्रुवारी

कारखान्यातून घाईचं काम आलं. मी सुट्टी मागू शकले असते. नाही मागितली. तीन प्रती निघाल्या.

काकू जिन्यात भेटल्या. मुंगीला म्हणाल्या, मुंगे, कुणी ठेवलं गं हे नाव? पहिल्या दिवशी त्यांनीच हे विचारलं होतं. मुंगीनं माझ्याकडे बोट केलं, आईनं. काकू मला म्हणाल्या, लेक अगदी तुमच्या वळणावर गेलीय हो.

मी आभार मानले. आभार!

८ फेब्रुवारी

आईला फोन केला. धीर करून विचारलं, ताईची आठवण येते का?

आईनं विचारलं, कुठली ताई? शेजारची?

मी म्हटलं, आपली ताई. माझी मोठी बहीण.

आई हसली. म्हणाली, बरी आहेस ना? तू आणि तुझा भाऊ, दोनच तर मुलं मला. मग आवाज बारीक करून म्हणाली, तुझ्या आधी एक व्हावं असं फार वाटायचं गं. कुणीतरी असल्यासारखं वाटतं कधीकधी. जाऊ दे. जेवलीस का?

फोन ठेवल्यावर मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. आपल्या मुलीसाठी रडायचं, हेही मी आईकडून काढून घेतलं. आणि तिला ते ठाऊकही नाही.

लगेच येऊन डिस्क उपटली.

९ फेब्रुवारी

दुकानदाराकडे डिस्क घेऊन गेले. त्यानं त्याच्या कॉम्प्युटरवर पाहिली. जुन्या कॉम्प्युटरची एकच प्रत उरलीय. ताई दवाखान्यात गेली त्याच्या आदल्या दिवसाची. बाकी सगळ्या माझ्या.

गेलेल्या परत येत नाहीत, म्हणाला. उरलेलीवरून कॉम्प्युटर मागे नेता येतो. पण मग मधलं सगळं पुसलं जाणार, त्या दिवशी होतं तसंच्या तसं होणार. मी विचारलं, दोन्ही ठेवता नाही येणार? तो म्हणाला, एका जागेवर दोन कशी बसणार ताई, एकाला उठावंच लागतं. माणसांना ही सोय असती तर मी कधीच मागे गेलो असतो, लग्नाच्या आदल्या दिवसावर. आतून त्याच्या बायकोनं काहीतरी ठणकावलं. तो हसला. मलाही हसावं लागलं.

त्यानं मला ताई म्हटलं. सगळेच म्हणतात. आज ते अंगावर आलं.

१३ फेब्रुवारी

डिस्क अभ्र्यात घालून कपाटात ठेवलीय. जोडली नाही की काही निघणार नाही. हे असंच राहू शकतं. मुंगी खूश आहे. तिची भूक वाढलीय. झोपेत दचकत नाही. मास्टर म्हणतात, तुमचा चेहरा आता माणसात आला.

कुणाचं काय बिघडलं? रोज हाच प्रश्न. उत्तर माहीत असल्यामुळेच पुन्हा विचारते.

१७ फेब्रुवारी

मुंगी चित्र काढत होती. घर, बसगाडी, मी. बाजूला आणखी एक बाई काढली, केस मोकळे. ही कोण, म्हणून मी विचारलं. म्हणाली, माहीत नाही. मग तिनं ती खोडली. खोडताना कागद फाटला, तर रडायला लागली. आई, मी का रडतेय, असं मला विचारत होती.

मी जवळ घेतलं. उत्तर माझ्याकडे होतं. दिलं नाही.

२० फेब्रुवारी

डिस्क जोडलेली नाही, तरी आज पडद्यावर तेच आलं. डिस्क मिळत नाही, तोपर्यंत प्रती इथेच ठेवत आहे. जागा कमी. सर्वांत जुनी काढली.

इथेच म्हणजे कुठे? कुणातली?

२१ फेब्रुवारी

सकाळी ही वही वाचली. ६ जानेवारीला मी लिहिलंय, ताई गेल्यापासून. ताई — हा शब्द वाचून मी क्षणभर थांबले. कोण, असं मनात आलं. माझ्या मनात.

मग आठवलं. पण उशिरा. ताईचा आवाज आठवेना. हात आठवतात, कात्री धरलेले. बोटात अंगठी होती? कुठल्या?

२२ फेब्रुवारी

मला वाटत होतं, काही झालं तरी मला तर ठाऊक राहील. सगळे विसरले तरी मी ते ओझं वाहीन, आणि तेवढी शिक्षा पुरे. पण तेही निघतंय.

आज कामात हात चांगला चालला. गुणगुणत होते. जेवताना लक्षात आलं की सकाळपासून टोचलंच नाही. भीती वाटली ती याची. टोचतंय तोवर ताई कुठेतरी आहे. ते थांबलं की मी नुसती सुखी बाई असेन, लेक असलेली. आणि कुणाला —

कुणाला कळणार पण नाही की काही चोरीला गेलंय.

२३ फेब्रुवारी

अंगठी नव्हती. की होती —

वहीत तळहाताएवढा चौकोन करून लिहिलंय: ताई होती. माझं अक्षर. केव्हा लिहिलं?

२४ फेब्रुवारी

मुंगी शाळेला गेली. डिस्क काढली, जोडली. ती एक प्रत अजून आहे. तारीख दिसते. त्या दिवशी मी कुठे होते? दुसऱ्या गावी, एका खोलीत, एकटी. हे घर नाही. मुंगी नाही. आई म्हणणारं कुणी नाही.

कॉम्प्युटर पडद्यावर विचारतोय, या तारखेनंतरचं सगळं बदललं जाईल. पुढे जाऊ?

हात उचलला. मग मुंगीचा डबा घासून ठेवला. गणवेशाला इस्त्री केली. तिला घट्ट वेणी आवडत नाही हे कुणाला —

ताईला माहीत असेल. तिचीच ती.

मुंगी आली. गॅलरीत कारंजं बघत बसलीय. तिला पाणी दिलं, केसांवरून हात फिरवला. तिनं वर न बघता हात झटकला, आई, जा ना, दिसत नाहीये.

एवढंच ऐकून घेतलं.

आत जाऊन हो दाबलं.

पट्टी हळू सरकतेय. लिहीत राहते. फोटोत माझा चेहरा पुसट — नाही, बदलतोय. केस मोकळे. ताई. ताई, अंगठी नव्हतीच गं तुझ्या बोटात. मला आठवतंय, सगळं आठवतंय, आवाजसुद्धा. ताई, मला —

हात गार पडलेत. पेन नीट धरवत नाही. खोलीतलं ऊन तेच आहे, पण माझी सावली कागदावर —

स्वयंपाकघरात भांडी वाजतायत. उगाचच वाजवल्यासारखी. मी इथे बसलेय. मग तिथे —

गॅलरीतून मुंगीनं हाक मारली. आई, ये ना, सुरू झालं.

मी ओ देणार होते. तोंड उघडलं होतं. आतून कुणीतरी ओ दिली. पावलं माझ्या पाठीमागून गेली, गॅलरीकडे. मी वळून पाहत नाही. मुंगी विचारतेय, आत त्या टेबलापाशी कोण —

ताई, सांग तिला, मावशी. निदान मावशी होती म्हणून सां